ट्रॅव्हल ट्रेलर घेताना स्लाइड-आउटची यंत्रणा कशी पारखावी

अमेरिकेतल्या महामार्गांवर वाहनाची रुंदी सर्वसाधारणपणे साडेआठ फुटांच्या पलीकडे जाऊ शकत नाही, आणि बरेच ट्रॅव्हल ट्रेलर, म्हणजे गाडीमागे जोडून ओढायची फिरती घरं, तर आठच फूट रुंद असतात. तेवढ्यात सोफा, जेवणाचं टेबल, ओटा आणि माणसांना वावरायला जागा हे सगळं बसवायचं, म्हणून भिंतीचा एक मोठा तुकडा मुक्कामावर बाहेर सरकवतात आणि निघताना आत घेतात. हा स्लाइड-आउट, बोलताना नुसता स्लाइड. ट्रेलरमधल्या हलणाऱ्या वस्तूंपैकी सर्वांत जड हीच. फ्रिज बिघडला, हीटर बिघडला तरी माणूस घरी परत येऊ शकतो. स्लाइड बाहेर अडकला तर ट्रेलर जागचा हलवता येत नाही.

असं असूनही माहितीपत्रकात स्लाइडबद्दल जेमतेम एक ओळ असते: 'एक मोठा स्लाइड', 'दोन स्लाइड'. तो कोणत्या यंत्रणेवर चालतो हे क्वचितच छापलेलं असतं. विक्रेत्यालाही प्रत्येक मॉडेलचं नेमकं माहीत असेलच असं नाही. त्यामुळे हे काम घेणाऱ्याने स्वतः, जमिनीवर वाकून, करायचं.

ते करताना एकच प्रश्न डोक्यात ठेवा: डब्याची दोन्ही टोकं बरोबरीने कोण चालवतं? स्लाइडचा डबा दहा-बारा फूट लांब असू शकतो. त्याचं एक टोक दुसऱ्याच्या अर्धा इंच पुढे गेलं की डबा उघड्या चौकटीत तिरपा होतो, कडा घासायला लागतात, मोटरवर ताण येतो आणि शेवटी डबा पाचरीसारखा अडकतो. मोटर जळणं, दाते झिजणं, सील फाटणं, यांतल्या बऱ्याच बिघाडांच्या मुळाशी हा तिरपेपणा असतो. टोकं जुळवून ठेवायचं काम कुठे पोलादी शाफ्ट करतो, कुठे इलेक्ट्रॉनिक कंट्रोलर, कुठे ताणलेल्या तारा, तर कुठे तेलाचा दाब. यंत्रणांमधला खरा फरक हाच आहे.

आधी आराखडा आणि वजन

यंत्रणा बघण्याआधी त्या स्लाइडमध्ये काय काय बसवलंय ते पाहा. नुसता कपड्यांचा कपाट-विभाग किंवा पलंगाचं डोकं असेल तर डबा हलका आणि उथळ असतो, साधारण दोन फुटांच्या आत सरकणारा. सोफा आणि टेबल असेल तर मध्यम. फ्रिज, शेगडी, सिंक आणि धान्याचं कपाट असा सगळा स्वयंपाकघराचा भाग स्लाइडमध्ये असेल आणि तो तीन फूट बाहेर येत असेल, तर तो वजनदार डबा आहे. शिवाय गॅसची नळी, पाण्याच्या नळ्या आणि विजेच्या तारा दर वेळी त्याच्याबरोबर वाकतात आणि सरळ होतात. त्या कुठून जातात, कुठे घासतात, हे खालून दिसतं. नळीला आधाराची साखळी किंवा पट्टा आहे का, की ती नुसती लोंबकळतेय, ते बघा.

स्लाइड आला की ट्रेलरचं रिकामं वजनही वाढतं, पण कमाल अनुज्ञेय वजन त्या प्रमाणात वाढवलेलं असेलच असं नाही. ट्रेलरच्या डाव्या बाजूला बाहेरून, पुढच्या भागात, सामानाच्या क्षमतेचा स्टिकर असतो. त्यावरचा आकडा त्या विशिष्ट ट्रेलरचा असतो, त्यामुळे माहितीपत्रकातल्या आकड्यापेक्षा तोच धरा. समजा कमाल वजन ७,६०० पौंड आणि कारखान्यातून निघालेलं वजन ६,४०० पौंड, उरले १,२००. पाणी एका गॅलनला सुमारे ८.३ पौंड, म्हणजे ४० गॅलनची टाकी भरली की ३३२ पौंड गेले. राहिलेल्या आठ-पावणेनऊशे पौंडांत बॅटरी, भांडी, अंथरूण, खुर्च्या, अवजारं, कपडे, खाणं. दोन स्लाइडच्या ट्रेलरमध्ये हा हिशोब पटकन आवळतो.

आणखी एक गोष्ट आराखड्यावरच कळते. स्लाइड आणि स्वयंपाकघर एकाच बाजूला असेल तर त्या बाजूची चाकं कायम जास्त ओझं वाहतात. ट्रक स्टॉपवरच्या कॅट स्केलवर (गाड्या तोलायच्या काट्यावर) धुऱ्यांचं वजन कळतं, डाव्या-उजव्या चाकांचं वेगळं कळत नाही. म्हणून अशा आराखड्यात टायरची वजन पेलण्याची क्षमता जरा ढिली असावी, काठोकाठ नसावी.

आता स्लाइड आत घ्यायला लावा आणि दार उघडून आत शिरा. स्वच्छतागृहापर्यंत जाता येतं का? फ्रिजचं दार उघडतं का? पलंगावर एका बाजूने तरी चढता येतं का? प्रवासात जेवणासाठी थांबाल, किंवा रात्री एखाद्या पार्किंगमध्ये स्लाइड न उघडता झोपायची वेळ येईल, तेव्हा ट्रेलर याच अवस्थेत असेल. बिघाड होऊन स्लाइड आतच राहिला तरी हाच ट्रेलर वापरावा लागेल. ज्या आराखड्यात स्लाइड आत असताना स्वच्छतागृह बंद होतं, तो कितीही मोहक असला तरी आमच्या मते बाजूला ठेवावा.

वाकून बघा: यंत्रणा ओळखायची कशी

स्लाइड पूर्ण बाहेर काढायला लावा आणि बाहेरून बघा.

डब्याखाली दोन जाड चौकोनी पोलादी नळ्या चासीच्या मुख्य तुळईतून बाहेर आलेल्या दिसल्या, त्यांच्या खालच्या अंगाला दाते किंवा ओळीने भोकं असली आणि दोन्हींना जोडणारा आडवा शाफ्ट असला, तर ती चासीतून जाणारी रॅक-पिनियन यंत्रणा. अशाच नळ्या पण त्यांच्या जोडीला सिलिंडर आणि तेलाच्या नळ्या असल्या, आणि पुढच्या सामानाच्या कप्प्यात पंप व तेलाची टाकी असली, तर हायड्रॉलिक.

खाली काहीच नाही, पण डब्याच्या दोन्ही बाजूच्या भिंतींवर वर एक आणि खाली एक अशा चंदेरी दातेरी अॅल्युमिनियमच्या पट्ट्या आहेत: ही भिंतीतली यंत्रणा, जिला सगळे 'श्विनटेक' म्हणतात. ती लिपर्ट कंपनी बनवते. खाली काही नाही, बाजूला दातेरी पट्ट्याही नाहीत, पण डब्याच्या कोपऱ्यांवर बारीक पोलादी तारा कंसांत अडकवलेल्या आहेत: ही केबलची यंत्रणा. बाल अॅक्यू-स्लाइड हे यातलं प्रसिद्ध नाव.

एकाच ट्रेलरमध्ये दोन स्लाइड दोन वेगळ्या यंत्रणांवर असू शकतात. बैठकीचा मोठा स्लाइड चासीतून आणि झोपायच्या खोलीतला कपाटाचा स्लाइड भिंतीतून, ही जोडी तर नेहमी दिसते. म्हणून प्रत्येक स्लाइड वेगळा तपासा.

चासीतून जाणारी रॅक-पिनियन

एक १२ व्होल्टची मोटर एक शाफ्ट फिरवते, शाफ्टच्या दोन टोकांना दोन छोटे गिअर, आणि ते दोन नळ्यांवरच्या दात्यांत बसलेले. शाफ्ट पोलादी आणि सलग असल्यामुळे दोन्ही टोकं बरोबरच सरकतात. मध्ये समज-गैरसमज करायला इलेक्ट्रॉनिक्स नाही. डब्याचं वजन नळ्यांवरून चासीवर जातं, भिंतीच्या चौकटीवर लटकत नाही. वजनदार, खोल स्लाइडसाठी विजेवरच्या यंत्रणांमध्ये हीच सर्वांत भरवशाची.

बिघाडही समजायला सोपे. मोटर फिरल्याचा आवाज येतो पण डबा हलत नाही, किंवा एकच बाजू हलते: बहुतेक वेळा शाफ्टला गिअरशी जोडणारी पिन तुटलेली असते. ती पिन मुद्दामच सर्वांत कमजोर ठेवलेली असते. डबा अडला की मोटर किंवा गिअर जाण्याऐवजी पिन जावी म्हणून. तिच्या जागी जाडजूड बोल्ट घालू नका. त्याच मापाची, त्याच प्रतीची पिन घाला आणि डबा कशाने अडला ते शोधा. दोन-तीन जादा पिना अवजारांच्या डब्यात असाव्यात.

वाईट बाजूही आहेत. नळ्या जायला चासीच्या तुळईत भोकं पाडावी लागतात. ती भोकं कापलेल्या जागी जादा पट्टी जोडलीय का, वेल्डिंग सलग आहे का, रंगाखाली तडा तर नाही, हे टॉर्च लावून बघा. नळ्यांच्या भोवतीची फट नीट बुजवलेली नसेल तर थंड वारा, धूळ आणि उंदीर तिथूनच आत येतात. रस्त्यावरची खडी आणि चिखल दात्यांवर उडतो. आणि तळाशी यंत्रणा असल्यामुळे टाक्यांना आणि सामानाच्या कप्प्याला तेवढी जागा कमी मिळते.

भिंतीतली यंत्रणा

या यंत्रणेवर पुष्कळ तक्रारी ऐकू येतात आणि पुष्कळ नवे ट्रेलरही हिच्यासह विकले जातात, त्यामुळे जरा थांबून समजून घ्यायला हवं.

डब्याच्या दोन्ही बाजूंना, चौकटीच्या उभ्या कडेत, एकेक सडपातळ मोटर असते. प्रत्येक मोटर एक उभा शाफ्ट फिरवते, त्याच्या वरच्या आणि खालच्या टोकाला गिअर असतात आणि ते डब्यावरच्या दोन पट्ट्यांत चालतात. म्हणजे वरचं-खालचं जुळवायला शाफ्ट आहे, पण डावं-उजवं जुळवायला काहीच यांत्रिक नाही. ते काम कंट्रोलर करतो. प्रत्येक मोटरमध्ये सेन्सर असतो, तो फेऱ्यांचे स्पंद मोजून पाठवतो, आणि एक मोटर पुढे गेली की कंट्रोलर तिला धीमं करतो.

डबा शेवटाला टेकला हे कंट्रोलरला मोटर अडखळल्यावरच कळतं. तिथे तो मोजणी पुन्हा शून्यापासून सुरू करतो. म्हणून या यंत्रणेचा पहिला नियम: प्रत्येक वेळी पूर्ण बाहेर, प्रत्येक वेळी पूर्ण आत, आणि शेवटाला टेकल्यावरही दोन्ही मोटर स्वतःहून थांबेपर्यंत बटण दाबून धरा. अर्ध्यात थांबवायचा, थोडा आत थोडा बाहेर करायचा, असं वारंवार झालं की मोजणीतला लहानसा फरक साठत जातो आणि डबा तिरपा चालू लागतो. पाहुण्यांना दाखवताना अर्धवट उघडून बंद करणं हेच सर्वांत नडतं.

फायदे खरे आहेत. वजन कमी, तळ मोकळा, चासी कापावी लागत नाही, आणि उथळ हलक्या डब्याला ही यंत्रणा वर्षानुवर्षं त्रास देत नाही. अडचण येते ती हिच्यावर भलतं ओझं टाकलं की. फ्रिज, ओटा आणि भरलेलं धान्याचं कपाट असलेला बारा फुटी डबा दोन बारीक मोटरींवर आणि अॅल्युमिनियमच्या पट्ट्यांवर चालवला, की पट्टीचे दाते आणि प्लॅस्टिकचे आधार झिजतात. चौकट गुण्यात, म्हणजे काटकोनात, नसेल तर आणखी लवकर. असा आराखडा या यंत्रणेवर दिसला तर तोच किंवा मिळताजुळता आराखडा रॅक-पिनियनवर कोण देतंय ते शोधा, सहसा सापडतो.

कंट्रोलर कुठे आहे हे ताबा घेतानाच दाखवायला लावा. तो कपाटाच्या मागे, पलंगाखाली किंवा सामानाच्या कप्प्यातल्या पडद्यामागे असतो, आणि अंधारात, पावसात तो पहिल्यांदा शोधायची वेळ येऊ नये. त्यावर लाल दिवा लुकलुकतो, लुकलुकण्याची संख्या म्हणजे बिघाडाचा कोड. अर्थाचा तक्ता कंट्रोलरवर किंवा पुस्तिकेत असतो. तक्त्याचा फोटो फोनमध्ये ठेवा. बॅटरी कमजोर असणं आणि सेन्सरच्या तारेचा जोड ढिला होणं ही कारणं वारंवार आढळतात, आणि दोन्ही नवी मोटर न घेता सुटतात. मोटर बदलावीच लागली तर दोन्ही बाजूंच्या मोटरींचं गिअर-प्रमाण एकच आहे याची खात्री करा. वेगळ्या प्रमाणाच्या मोटरी बसवल्या तर कंट्रोलरला त्या कधीच जुळवता येणार नाहीत.

केबलची यंत्रणा

एक मोटर, चौकटीच्या वरच्या भागात. ती साखळी ओढते, साखळीला तारा जोडलेल्या, आणि त्या कप्प्यांवरून (पुलींवरून) फिरून डब्याच्या चारही कोपऱ्यांना जातात. काही तारा बाहेर ओढतात, काही आत. चारही कोपरे एकाच मोटरने ओढले जात असल्यामुळे तारांचा ताण सारखा असला की डबा छान सरळ चालतो, सील सगळीकडे सारखं दाबलं जातं. वजनही कमी.

सगळी मदार ताणावर. नव्या तारा पहिल्या काही महिन्यांत थोड्या सैलावतात, मग एक कोपरा मागे राहतो. तो ताण जोडावरच्या नटांनी परत जुळवता येतो. मात्र नट एका वेळी थोडाच फिरवायचा, डबा एकदा पूर्ण आत-बाहेर करायचा, फट मोजायची, मग पुढचा नट. अंदाजाने सगळे नट आवळले तर डबा उलट्या बाजूला तिरपा होतो. कप्पीजवळ तारेचा एखादा बारीक धागा सुटून वर आलेला दिसला तर ती तार बदलायची वेळ झाली. हातमोजे घालून तपासा, तो धागा बोटात घुसतो. ही देखभाल स्वतः करायची किंवा वेळेवर करून घ्यायची तयारी असेल तर मध्यम वजनाच्या स्लाइडसाठी ही यंत्रणा चांगली आहे.

हायड्रॉलिक

ट्रॅव्हल ट्रेलरमध्ये ती कमीच आढळते, मोठ्या फिफ्थ-व्हीलमध्ये (पिकअप ट्रकच्या हौद्यात जोडायच्या ट्रेलरमध्ये) जास्त. ताकद भरपूर, चाल मऊ. टाकीतल्या तेलाची पातळी सगळे स्लाइड आणि जॅक आत घेतल्यावरच तपासायची. बाहेर असताना तेल सिलिंडरमध्ये गेलेलं असतं आणि तेव्हा टाकी भरली तर परत येताना ती सांडते. एका पंपावर अनेक स्लाइड असतील तर ज्याला कमी विरोध तो आधी हलतो, म्हणून ते एकापाठोपाठ एक सरकले तर घाबरू नका. नळीच्या जोडांवर ओल, तळावर तेलाचे ओघळ, यांकडे मात्र नव्या ट्रेलरमध्येही दुर्लक्ष करायचं नाही. डबा पूर्ण बाहेर आल्यावर बटण आणखी तीन-चार सेकंद धरायचं, म्हणजे दाब पुरता बसतो.

वीज नसताना आत कसा घ्यायचा

हा प्रश्न विक्रेत्याला विचारू नका, करून दाखवायला सांगा. आणि मग तुम्ही स्वतः करा.

रॅक-पिनियनमध्ये मोटरला ब्रेक असतो. तो सोडायची छोटी कळ असते, मग शाफ्टच्या टोकाला हँडल किंवा पाना लावून फिरवायचं. ते टोक ट्रेलरच्या कडेवरून हाताला लागतं की चिखलात पाठीवर झोपून खाली शिरावं लागतं, हा फरक मोठा आहे. डबा आत आला की ब्रेक पुन्हा लावायला विसरू नका. नाहीतर वळणावर डबा बाहेर सरकेल.

भिंतीतल्या यंत्रणेत आधी कंट्रोलरचा आपत्कालीन प्रकार वापरून बघतात: कंट्रोलरवरचं बटण सहा वेळा झटपट दाबायचं, सातव्या वेळी साधारण पाच सेकंद, लाल-हिरवे दिवे लुकलुकेपर्यंत, दाबून धरायचं, आणि मग भिंतीवरच्या नेहमीच्या बटणाने डबा आत घ्यायचा. या अवस्थेत कंट्रोलर दोन टोकं जुळवत नाही. म्हणून बाहेर एक माणूस उभा राहून एक टोक मागे पडतंय का ते बघेल, हे हवंच. तेही चाललं नाही तर दोन्ही मोटरींचे जोड कंट्रोलरवरून काढतात आणि दोघा-तिघांनी मिळून डबा दोन्ही टोकांना सारखा रेटत आत ढकलतात. आत गेल्यावर जोड परत लावायचे, कारण मोटर जोडलेली असेल तरच ती डबा धरून ठेवते. तुमच्या घरात डबा ढकलायला किती जण आहेत, हे आत्ताच मोजा. जड स्वयंपाकघराचा स्लाइड या यंत्रणेवर नको, याचं हे दुसरं कारण.

केबलमध्ये मोटर सहसा आत, स्लाइडच्या वरच्या सजावटीच्या पट्टीमागे असते. पट्टी कोणत्या स्क्रूंनी निघते ते बघून ठेवा. हायड्रॉलिकमध्ये पंपाच्या मोटरच्या टोकाला ड्रिल लावून तेल फिरवता येतं; त्यासाठी चार्ज केलेला ड्रिल आणि योग्य बिट सोबत असायला हवं.

पाणी, सील आणि तळ

स्लाइडमुळे ट्रेलर कायमचा खराब होतो तो बहुतेक वेळा मोटरमुळे नाही, पाण्यामुळे. डब्याच्या भोवती दोन प्रकारचं रबर असतं: एक दाबलं जाणारं पोकळ, आणि एक डब्यावरून पुसत जाणारं पातळ ओठासारखं. ओठ कुठे आत दुमडला असेल, कोपऱ्यात तुकडे जोडताना फट राहिली असेल, तर पाणी तिथूनच शिरतं. चारही कोपऱ्यांत बोट फिरवा.

डब्याचा तळ अनेकदा लाकडी चुरा दाबून केलेल्या फळीचा असतो आणि त्यावर खालून विणलेल्या प्लॅस्टिकचं आवरण असतं. ते आवरण रोलरवर घासून फाटलंय का, कापलेल्या कडा आणि स्क्रूची भोकं सीलंटने बुजवलीत का, हे डबा बाहेर असताना वाकून बघा. नव्या ट्रेलरमध्येही उघडी कड सापडते. तेव्हा सीलंटच्या एका नळीने काम होतं. दोन वर्षांनी तिथली फळी फुगते, मऊ पडते, आणि अख्खा तळ बदलावा लागतो. डब्याच्या बाहेरच्या कडेला किंचित उतार असावा, म्हणजे पाऊस घराकडे न येता बाहेर ओघळेल. वर कापडी छत लावून देऊ म्हणाले तर पानं आणि काड्यांपासून ते खरंच वाचवतं, पण वाऱ्यात फडफडतं आणि त्याच्या स्प्रिंगचा ओढा मोटरवर येतो. भिंतीतल्या यंत्रणेवर छत बसवायचं असेल तर ते त्या स्लाइडला चालतं का, हे कारखान्याकडून लेखी घ्या.

ताबा घेण्याआधीची चाचणी

यासाठी मोजपट्टी, टॉर्च, पाणसळ, कागदाच्या पट्ट्या आणि व्होल्टमीटर न्या. निदान दोन तास लागतील. घाई करणाऱ्याला थांबायला सांगा.

१. ट्रेलर दोन्ही दिशांनी पाणसळीत आणा. तो पिळलेला असेल तर चौकट गुण्यात राहत नाही आणि पुढची सगळी मापं निरर्थक ठरतात.

२. बाहेरच्या विजेची तार काढा. दुकानात ट्रेलर कायम विजेवर असतो, त्यामुळे स्लाइड जोमाने चालतो. तुम्हाला तो नुसत्या बॅटरीवर बघायचा आहे. सीसा-आम्ल बॅटरी विश्रांतीत सुमारे १२.६ व्होल्ट दाखवायला हवी.

३. स्लाइड बाहेर काढताना एकाने आत, एकाने बाहेर उभं राहा. वेग सारखा हवा. एक टोक आधी पोचत असेल, मध्येच चाल मंदावत असेल, कटकट किंवा करकर ऐकू येत असेल, तर तेव्हाच लिहून घ्या. व्होल्टमीटर बॅटरीवर ठेवा. आकडा थोडा खाली येणारच, पण भराभर कोसळत असेल तर बॅटरी, जोड किंवा तारेची जाडी कमी पडतेय.

४. पूर्ण बाहेर असताना डबा आणि चौकट यांमधली फट डाव्या आणि उजव्या बाजूला, वर आणि खाली मोजा. चारही आकडे जवळपास सारखे हवेत. मग आत घेऊन बाहेरची पट्टी भिंतीला चारही कोपऱ्यांत सारखी टेकते का बघा.

५. सीलखाली कागदाची पट्टी ठेवून डबा बंद करा आणि ती ओढा. अडून निघाली तर दाब बरोबर. सहज सुटली तर तिथे सील बसत नाही. दर दोन फुटांवर करा.

६. आत दिवे बंद करून, पडदे ओढून, कडांनी उजेड दिसतो का बघा. मग बाहेरून पाण्याचा फवारा मारायला सांगा, जोराचा नाही, पावसासारखा, आणि आतून कोपरे हाताने चाचपा.

७. फरशीवर रोलरचे ओरखडे, सोफ्याच्या पायाने काढलेली रेघ, दुमडलेला गालिचा बघा.

८. आत-बाहेर हे सगळं तीनदा करा. पहिल्या फेरीत लपलेलं तिसऱ्या फेरीत दिसतं. समोरासमोर स्लाइड असतील तर त्यांचा क्रम, आणि उघड्या ड्रॉवरला किंवा दाराला कोणता स्लाइड धडकतो, हेही नोंदवा.

९. वीज नसताना आत घ्यायची पद्धत स्वतः करून बघा.

जे सापडेल ते पैसे चुकते करण्याआधी दुरुस्त करून घ्या. 'नंतर वॉरंटीत करू' याचा अर्थ ट्रेलर उन्हाळ्याचा मोसमभर त्यांच्या आवारात उभा, असाही होऊ शकतो. ट्रेलरची वॉरंटी आणि यंत्रणा बनवणाऱ्या कंपनीची वॉरंटी वेगळी असते, त्यांची मुदत आणि अटी वेगळ्या असतात. दोन्ही कागद हवेत, आणि मोटर व कंट्रोलरवरचे भाग-क्रमांक फोटोत असावेत.

पहिले काही महिने

स्लाइड बाहेर काढण्याआधी ट्रेलर पाणसळीत, प्रवासासाठी लावलेल्या आडव्या पट्ट्या किंवा कुलपं काढलेली, बाहेर झाड-खांब नाही, आत वाटेत काही नाही, बॅटरी भरलेली. आत घेण्याआधी डब्याचं छप्पर झाडून घ्या: एक काडी किंवा एक खडा सील चिरायला पुरतो, आणि थंडीत गोठलेला बर्फ ओठ उपटून काढतो.

रॅकच्या दात्यांवर आणि भिंतीतल्या पट्ट्यांवर ग्रीस लावू नका. ग्रीसला धूळ चिकटते आणि तीच दाते खाते. करकर येत असेल तर पुसून कोरडं वंगण फवारा, बस. रबराला पेट्रोलियमचं काही लावू नका, रबरासाठीचं संरक्षक द्रावण वर्षातून तीन-चारदा पुरतं. रॅक-पिनियनच्या कंसांचे नट-बोल्ट पहिल्या दोन-तीन लांब प्रवासांनंतर एकदा पान्याने तपासा. केबल असेल तर कोपऱ्यांची फट परत मोजा. ताबा घेताना लिहून ठेवलेले आकडे इथे कामी येतात.

स्लाइडमधल्या कपाटांत डबाबंद जिन्नस, पाण्याच्या बाटल्या, ओतीव लोखंडाच्या कढया ठेवू नका. त्यांची जागा धुऱ्यांच्या वर, जमिनीलगत. ट्रेलर महिनोन्‌महिने उभा असेल तर महिन्यातून एकदा बॅटरी चार्ज करून प्रत्येक स्लाइड पूर्ण बाहेर आणि पूर्ण आत करा, आणि आवाज बदलला का ते ऐका. बाहेर असतानाच सील पुसून घ्या आणि तळाची आतली कड हाताने दाबून बघा. फळी कुठे दबतेय असं वाटलं तर पाणी आधीच शिरलेलं आहे, आणि ते कुठून शिरतंय हे पुढच्या पावसाआधी शोधायला हवं.